ड्रॅक्युलासाठी प्रार्थना

ट्रान्सिल्व्हेनियातल्या बिस्ट्रिट्झ गावातल्या ‘गोल्डन क्रोन’ हॉटेलची म्हातारी मालकीण एका परक्या तरुणापुढे गुडघे टेकते आणि विनवते, जाऊ नकोस, निदान एक-दोन दिवस तरी थांब. संत जॉर्जच्या सणाची ती आदली रात्र. बाराचे ठोके पडले की जगातल्या साऱ्या दुष्ट शक्ती मोकाट सुटतात, अशी तिची पक्की समजूत आहे. तरुण इंग्रज आहे, नुकताच वकील झालाय, मालकाच्या कामावर निघालाय. तो कसला ऐकतोय! तेव्हा ती डोळे पुसते, गळ्यातला क्रूस काढून त्याच्यापुढे धरते. जोनाथन हार्कर अवघडतो. तो इंग्लंडच्या चर्चचा माणूस. असल्या वस्तू म्हणजे थोडीफार मूर्तिपूजाच, असं त्याला शिकवलेलं. पण एवढ्या मायेनं देणाऱ्या बाईला नाही म्हणणंही त्याच्या जिवावर येतं. त्याच्या चेहऱ्यावरची चलबिचल तिला दिसते. मग ती ती माळ स्वतःच त्याच्या गळ्यात घालते, ‘तुझ्या आईखातर’ एवढंच म्हणते आणि खोलीबाहेर जाते.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये १८९७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली. सिनेमांनी तिच्यातलं जे जगभर पोहोचवलं ते म्हणजे सुळे, काळा झगा आणि उगारलेला क्रूस. मला मात्र या कादंबरीचं दार त्या म्हातारीपाशी उघडतं असं वाटतं. तिला नाव नाही. ती पुन्हा कधी येत नाही. पण दाढी करताना हार्करला कापतं, रक्ताचा थेंब बघून त्याचा यजमान, रक्त पिऊन जगणारा व्हॅम्पायर काउंट ड्रॅक्युला, त्याच्या गळ्यावर झडप घालतो आणि त्याचा हात त्या माळेच्या मण्यांना लागतो, तेव्हा तो क्षणात शांत होतो. त्या बाईनं हार्करचा जीव वाचवलेला असतो. पुढे किल्ल्यात एकटा कोंडलेला हार्कर डायरीत तिला दुवा देतो आणि एक प्रश्न लिहून ठेवतो: या वस्तूतच काही सामर्थ्य आहे, की ती नुसतं एक माध्यम आहे, कुणाच्या तरी मायेची आणि दिलाशाची आठवण हाताला लागेल अशी करून देणारं?

सोळाव्या शतकात ज्या वादांवरून युरोपातली चर्चेस दुभंगली, त्यांतल्या एका मोठ्या वादाच्या गाभ्याला हा प्रश्न भिडतो. स्टोकरला तो पुस्तकातून शिकावा लागला नसणार. त्याचा जन्म १८४७ चा, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फचा. घर प्रॉटेस्टंट, चर्च ऑफ आयर्लंडचं. भोवतालचा देश बहुतांश कॅथलिक. शेजारणीच्या गळ्यातल्या रोझरीकडे, म्हणजे जपमाळेकडे, संशयानं बघायचं आणि तिच्या भल्या स्वभावाची मात्र खात्री बाळगायची, हे अशा घरांत रोजचंच असणार. हार्करचा तो संकोच मला म्हणूनच इतका खरा वाटतो.

मी वसईचा, कॅथलिक घरातला. माझ्यासाठी ही कादंबरी भयकथा आहेच; पण क्रूस, पवित्र भाकर, बाप्तिस्मा, शाप, क्षमा या माझ्या घरच्या गोष्टी तिच्यात पानोपानी आहेत, आणि त्यांचं तिथं काय होतं हे मला अलिप्तपणे वाचता येत नाही.

किल्ल्याच्या दारात काउंट म्हणतो, ‘माझ्या घरी तुमचं स्वागत आहे. मोकळेपणानं आणि स्वतःच्या इच्छेनं आत या.’ हार्कर उंबरठा ओलांडेपर्यंत तो पुतळ्यासारखा जागच्या जागी उभा असतो, आणि पाऊल आत पडताच पुढे येऊन त्याचा हात धरतो. पुढे काउंटच्या मागावर असलेल्या टोळीतला विद्वान, प्राध्यापक व्हॅन हेलसिंग नियम सांगतो: घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय हा पहिल्यांदा आत शिरू शकत नाही, एकदा बोलावलं की मग हवं तेव्हा येतो. हा नियम स्टोकरनं नेमका ख्रिस्ती नीतिविचाराच्या कण्यावर आणून बसवलाय. सैतान मोहात पाडतो, जबरदस्ती करू शकत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला घोकून घेतलेलं अजून आठवतं: पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात, बाब गंभीर असावी लागते, पूर्ण जाणीव असावी लागते आणि मनापासून संमती असावी लागते. तिसरी नसेल तर पहिल्या दोन असूनही आत्मा मरत नाही.

ही कसोटी घेऊन मी कादंबरीतल्या माणसांकडे बघतो तेव्हा अडखळतो. हार्कर स्वतःच्या पायांनी आत जातो, पण कुठे जातोय हे त्याला ठाऊक नाही. मीनाची मैत्रीण लूसी झोपेत चालत इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या टेकडीवरच्या दफनभूमीत जाते. झोपलेल्या माणसाची कसली संमती? हार्करची बायको मीना तर कुणालाच बोलावत नाही. ती ज्या इमारतीत झोपलेली असते तिचं दार दुसऱ्यानंच उघडलेलं असतं. सगळ्या कादंबरीत जाणूनबुजून होकार देणारा माणूस एकच, डॉक्टर सेवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातला रेनफील्ड.

रेनफील्ड माश्या पकडतो, माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना घालतो आणि चिमण्या स्वतः खातो. मग मांजराचं पिल्लू मागतो. प्रत्येक पायरीवर त्याच्या हिशेबी वहीत आकड्यांच्या बेरजा होत राहतात. जितके जीव पोटात जातील तितकं आपलं आयुष्य वाढेल, असा त्याचा हिशेब. एकदा तो सेवर्डच्या मनगटावर सुरी चालवतो आणि जमिनीवर सांडलेलं रक्त चाटतो, ‘रक्त म्हणजे जीवन’ असं म्हणत. हे वचन बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं आहे, बाराव्या अध्यायातलं. तिथं ती मनाई आहे: रक्त खाऊ नका, कारण रक्तातच प्राण असतो आणि प्राण देवाचा असतो. रेनफील्ड कारण पाठ करतो आणि आज्ञा गाळून टाकतो. शास्त्राचं अर्धं वाक्य घेऊन हवा तो अर्थ काढणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यांतली बरीचशी अगदी शहाण्यासुरत्या चेहऱ्याची.

काउंट त्याच्या खिडकीशी येतो तो हजारो उंदरांचं आमिष घेऊन. हे सगळे जीव तुला देईन, युगानुयुगं आणखी कितीतरी देईन, फक्त खाली पडून माझी उपासना कर. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला उंच डोंगरावरून जगातली राज्यं दाखवून हेच म्हणतो. येशू नकार देतो. रेनफील्ड खिडकी उघडतो आणि ‘या, मालक’ म्हणतो.

तरीही स्टोकर त्याला तिथं सोडत नाही, आणि इथं मला या लेखकाचं मन फार मोठं वाटतं. रेनफील्डला जीव हवे असतात, आत्मे नको असतात. आत्म्यांचा विषय काढला की तो बिथरतो, कारण खाल्लेल्या प्रत्येक जिवाचा आत्मा आपल्या मानगुटीवर बसेल ही भीती त्याला आतून पोखरत असते. मीनाला भेटल्यावर तो अतिशय सभ्यपणे बोलतो आणि निरोप घेताना म्हणतो, देव करो आणि तुमचा हा गोड चेहरा मला पुन्हा न दिसो. त्याच रात्री तो सेवर्डपुढे हात जोडतो, मला इथून बाहेर पाठवा, मी आपल्या आत्म्यासाठी झगडणारा शहाणा माणूस आहे. शिकलेली, भली माणसं त्याचं ऐकत नाहीत. मीना पुन्हा भेटते तेव्हा निस्तेज दिसते. काउंट तिचं आयुष्य शोषतोय हे रेनफील्डच्या ध्यानात येतं, आणि पुढच्या वेळी काउंट धुक्याच्या रूपानं आत येताच तो त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवायला बघतो. त्यात त्याचा पाठीचा कणा मोडतो, कवटी फुटते. ज्यानं दार उघडलं तोच आडवा येऊन मरतो. त्याला पश्चात्ताप हा शब्द उच्चारावा लागत नाही.

आता रक्ताकडे येतो. या कादंबरीचा सारा ख्रिस्ती अर्थ तिथं साठलाय.

योहानाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, जो माझा देह खातो आणि माझं रक्त पितो त्याला सार्वकालिक जीवन आहे. ऐकणारे यहुदी होते. रक्ताला शिवायचं नाही हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. हे बोलणं कठीण आहे, कोण ऐकणार, असं म्हणून त्याचे कित्येक शिष्य तिथूनच माघारी फिरले, असं योहानच सांगतो. आम्ही दर रविवारी ही वचनं इतक्या सवयीनं ऐकतो, की त्यांतला धक्का आमच्यापर्यंत पोहोचत नाही. तो स्टोकरनं परत आणला. रक्त पिऊन अमर होणारा एक माणूस त्यानं उभा केला आणि मिस्सेमधली, म्हणजे आमच्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेतली, प्रत्येक कृती त्याच्याकडून उलटी करवून घेतली. ख्रिस्त स्वतःचं रक्त देतो, दुसऱ्यानं जगावं म्हणून. काउंट दुसऱ्याचं रक्त घेतो, स्वतः मरू नये म्हणून.

मधल्या भागात लूसीला वाचवण्यासाठी चार पुरुष पाठोपाठ आपलं रक्त देतात: आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेलसिंग आणि अमेरिकन क्विन्सी मॉरिस. (रक्तगटांचा शोध लागायला अजून काही वर्षं होती, आज वाचताना डॉक्टरांच्या अंगावर काटा येईल.) रात्री काउंट येऊन तेच रक्त पिऊन जातो. दिवसा देणं, रात्री घेणं. वैद्यकशास्त्राच्या नळीतून वाहणारं हे रक्त स्टोकरनं कुठंही उघडपणे ख्रिस्ताच्या रक्ताशी जोडलेलं नाही, आणि न जोडल्यामुळेच ते मला अधिक भिडतं. मॉरिस हात पुढे करतो तेव्हा तो कुठला विधी करत नसतो. ज्या मुलीनं आपल्याला नाकारलं, तिच्यासाठी तो आपल्या अंगातलं रक्त काढून देत असतो.

आणि मग ती ऑक्टोबरची रात्र. काउंट मीनाच्या खोलीत असतो, नवरा बेशुद्धीसारख्या झोपेत बाजूला पडलेला. आधी तो तिचं रक्त पितो. मग म्हणतो, तू आता माझ्या मांसाचं मांस, माझ्या रक्ताचं रक्त, काही काळ माझं भरभरून वाहणारं द्राक्षकुंड. आपल्याच नखानं तो छातीवरची शीर उघडतो, तिची मान दाबून तोंड तिथं धरतो, आणि तिला गुदमरून मरावं लागेल नाहीतर प्यावं लागेल असं करतो. ‘माझ्या मांसाचं मांस’ हे आदामाचं हव्वेला पाहिल्यावरचं आनंदाचं वाक्य. द्राक्षकुंड यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायातलं. जुन्या ख्रिस्ती चित्रांत ख्रिस्त स्वतः त्या कुंडात पिळला जाताना दाखवलेला असतो. लग्न आणि मिस्सा हे दोन्ही संस्कार काउंट एका दमात विटाळतो, आणि दोन्हींतला जो प्राण, मनापासूनचा होकार, तेवढाच नेमका काढून टाकतो. त्याची सैतानी वृत्ती मला त्याच्या सुळ्यांपेक्षा तिथं जास्त दिसते. ‘घ्या आणि प्या’ हे निमंत्रण असतं. मान दाबून पाजलेल्या घोटाला निमंत्रण म्हणत नाहीत.

या घटनेनंतर जे होतं, त्याबद्दल माझं स्टोकरशी भांडण आहे.

लहानपणी मी वेदीसेवक होतो. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटण्याच्या, वेळी फादरांच्या बाजूनं थाळी घेऊन चालायचं आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली ती धरायची, हे माझं काम. पवित्र भाकरीचा कणसुद्धा जमिनीवर पडता कामा नये. मिस्सा संपत आली की फादर ती थाळी बोटानं पुसत, कण प्याल्यात घेत, वर पाणी ओतत आणि पिऊन टाकत. त्या वयात मला त्यातलं तत्त्वज्ञान कळत नव्हतं, पण एवढा मोठा माणूस एका कणासाठी इतका वाकतो हे कळत होतं. म्हणून व्हॅन हेलसिंग मरून व्हॅम्पायर झालेल्या लूसीच्या थडग्यापाशी पिशवीतून भाकरीचे पापुद्रे काढतो, हातानं चुरतो, लांबीसारख्या पिठात मळतो आणि थडग्याच्या दाराच्या फटी त्यानं लिंपायला लागतो, तेव्हा माझ्या पोटात ढवळतं. हे काय आहे, असं आर्थर विचारतो. प्राध्यापक टोपी काढून सांगतो, ही पवित्र भाकर, मी ॲमस्टरडॅमहून आणली आहे, माझ्याकडे ‘इंडल्जन्स’ आहे. कॅथलिक चर्चमध्ये इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होणं. भाकर मळून भिंती लिंपायचा परवाना कुठलाही पोप कुणाला देत नाही. प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या स्टोकरनं कॅथलिकांच्या हातात काहीतरी गूढ आणि जबरदस्त असतं एवढं बाहेरून पाहिलं, आणि ते रसायनासारखं वापरलं. हार्करच्या प्रश्नाला इथं परस्पर उत्तर मिळून जातं: सामर्थ्य वस्तूतच आहे. ती लावली की गुण येतो.

ही चूक निव्वळ तपशिलाची असती तर मी ती सोडून दिली असती. तिचा खरा घाव मीनाच्या कपाळावर बसतो. तिच्या रक्षणासाठी म्हणून व्हॅन हेलसिंग पित्याच्या, पुत्राच्या नावानं भाकर तिच्या कपाळाला लावतो, आणि तापलेली सळई टेकवावी तशी ती भाकर मांसात जळत जाते. मीना किंचाळते, गुडघ्यांवर कोसळते, महारोग्यानं पदर ओढून घ्यावा तसे केस तोंडावर ओढून घेते आणि आक्रोश करते: अशुद्ध! अशुद्ध! सर्वसमर्थ देवसुद्धा माझ्या विटाळलेल्या देहाला टाळतो!

लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात महारोग्यानं वस्तीबाहेर राहून ओरडायचे हे शब्द आहेत. पण त्यानंतर मार्काचं शुभवर्तमान येतं. पहिल्याच अध्यायात एक महारोगी गुडघे टेकून येशूला म्हणतो, तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करशील. येशूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करतो आणि त्याला शिवतो. आधी शिवतो, मग बरा करतो. ज्याला कुणी शिवत नाही त्याला शिवणारा तो ख्रिस्त, आणि आमच्या श्रद्धेप्रमाणे त्या भाकरीत असतो तोच ख्रिस्त. मग तो या बाईला जाळेल कसा? तिनं बोलावलं नाही, होकार दिला नाही, तिची मान दाबली गेली होती. स्टोकरनं तिच्या कपाळी काइनाचा डाग दिला, आणि काइन खुनी होता. अत्याचार सोसलेल्या बाईलाच डागी ठरवण्याची रीत लंडनमध्ये होती तशी आमच्याकडेही आहे, आणि अशा बायकांना देवळाच्या मागच्या बाकावर बसायला लावणारी माणसं मी ओळखतो. त्यांच्या वागण्याला भाकरीचं पाठबळ मिळालं, हे मला सहन होत नाही.

व्हॅन हेलसिंग मोठा विद्वान, पण त्याच्या विद्येतलं फार थोडंच मला पटतं. तो सेवर्डला विश्वास ठेवायला शिकवताना महिनोन्‌महिने जमिनीत पुरून घेऊन जिवंत उठणाऱ्या हिंदुस्थानातल्या फकिराचा दाखला देतो, आणि पुढे हा प्राणी ग्रीस, रोम, जर्मनीसारखाच हिंदुस्थानातही होता असं ठासून सांगतो. स्टोकरची इंग्रज प्रवासी आणि अनुवादक सर रिचर्ड बर्टनशी ओळख होती, आणि बर्टननं आपल्या विक्रम-वेताळाच्या कथा १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या होत्या. पण आपला वेताळ निराळा. तो प्रेतात राहतो खरा, मात्र राजाला न्याय-अन्यायाचे प्रश्न घालतो, आणि कोकणात, गोव्यात तर तो गावाचा राखणदार होऊन देवळात बसलाय. ड्रॅक्युलाला प्रश्न पडत नाहीत. त्याचा आत्मा जुन्या देहात अडकलाय आणि सुटकेसाठी मरणाची वाट बघतोय, ही कल्पना निखळ ख्रिस्ती आहे. याच प्राध्यापकाच्या तोंडी एक वाक्य आहे ज्यासाठी मी त्याला पुष्कळ माफ करतो. या दुष्टाईचं सगळ्यात भयंकर काय, तर तिची मुळं खोलवर चांगल्यात रुजलेली आहेत; पवित्र स्मृती नसलेल्या मातीत ती टिकूच शकत नाही. म्हणून काउंट पन्नास पेट्या भरून आपल्या चॅपेलची माती इंग्लंडला नेतो. संत ऑगस्टीननं दुष्टाईबद्दल हेच सांगितलं, की तिला स्वतःचं असं काही नसतं, ती चांगल्याच्या अंगावर जगते.

लूसीच्या वाट्याला काय आलं ते थोडक्यातच सांगतो, कारण ती पानं मला पुन्हापुन्हा उलटवत नाहीत. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्या आर्थरच्या हातात खुंटी आणि हातोडा दिला जातो, व्हॅन हेलसिंग मृतांसाठीची प्रार्थना वाचतो, बाकीचे साथ देतात. घाव संपल्यावर तिचा चेहरा पूर्वीसारखा निर्मळ होतो, आणि आर्थर तिचं चुंबन घेतो. प्रार्थना होते, अश्रू येतात. पण हातोडा उचलण्याआधी त्यांच्या मनात तिच्याविषयी फक्त किळस आणि द्वेष असतो. सेवर्ड ते प्रामाणिकपणे लिहितो: तिला मारायचं असतं तर त्या घटकेला आपण ते आनंदानं केलं असतं. त्यांना ती आवडायला लागते ती पुन्हा सुंदर दिसायला लागल्यावर.

मीना याच्या पुढे जाते. तेविसाव्या प्रकरणातला तो प्रसंग मला संपूर्ण कादंबरीचं हृदय वाटतो. डाग कपाळावर ताजा आहे. आपण कुठल्याही दिवशी त्या राक्षसासारख्या होऊ हे तिला माहीत आहे. पुरुष त्याच्या नाशाचे बेत करतायत. तेव्हा ती म्हणते, हे काम द्वेषाचं नाही हे लक्षात असू द्या. ज्यानं हे सगळं दुःख निर्माण केलं तो बिचारा जीवच या सगळ्यांत जास्त दुःखी आहे. त्याच्यातला वाईट भाग नष्ट होऊन चांगल्या भागाला अमर जीवन मिळेल तेव्हा त्याला केवढा आनंद होईल, याचा विचार करा. त्याला मारताना हात आखडू नका, पण त्याच्यावर दया करा.

जोनाथन उसळतो. देवानं तो माझ्या हाती द्यावा, आणि मला जमलं तर मी त्याचा आत्मा कायमचा जळत्या नरकात पाठवीन! आणि मीना त्याला गप्प करते. असं बोलू नकोस. दिवसभर मी विचार करतेय, की एक दिवस कदाचित मलाही अशाच दयेची गरज पडेल, आणि तुझ्यासारखाच कुणीतरी, तुझ्याइतकाच रागावण्याचा हक्क असलेला, ती मला नाकारील.

आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी व्हायची. प्रत्येक दशकाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या, शेवटी आजी एक छोटी प्रार्थना म्हणायची, पोर्तुगालमधल्या फातिमाची, १९१७ ची. म्हणजे स्टोकरच्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी जगाला मिळालेली. हे येशू, आमच्या पापांची क्षमा कर, नरकाच्या अग्नीपासून आम्हांला वाचव, सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना तुझ्या दयेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना. आम्ही मुलं ती पटापट म्हणून टाकायचो. सगळ्यात जास्त गरज कुणाला असते? जो सगळ्यात वाईट आहे त्याला. आजी रोज संध्याकाळी खुन्यांसाठी, सावकारांसाठी, आमच्या शेजारात बायकोला मारणाऱ्या एका माणसासाठी प्रार्थना करत होती, हे मला मीनाचं बोलणं वाचताना नीट उमगलं.

मीनाची दया भाबडी नाही. मारायला ती नाही म्हणत नाही. उलट काउंट कुठल्या मार्गानं पळाला असेल हे नकाशे आणि वेळापत्रकं मांडून तीच शोधून काढते. तिच्याकडे भाकर नाही. असती तर त्या भाकरीनं तिला पुन्हा जाळलं असतं. क्रूस उगारणं तिच्या वाट्याला येत नाही. बिस्ट्रिट्झच्या म्हातारीकडे निदान एक माळ तरी होती, हिच्याकडे ‘कुणाच्या तरी खातर’ एवढंच शिल्लक राहिलंय. हार्करला पडलेल्या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर व्हॅन हेलसिंगच्या पिशवीत नाही, हार्करच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोपाशी आहे, आणि ती ते तोंडानं सांगते तेव्हा त्याचा राग इतका आहे की ते त्याला ऐकू येत नाही.

पण जोनाथनलाही मी कमी लेखत नाही. मीनाच्या कपाळी डाग पडला त्याच दिवशी त्यानं डायरीत एक निश्चय लिहिला: मीनाला शेवटी व्हॅम्पायर व्हावंच लागलं, तर त्या अनोळखी, भयंकर प्रदेशात ती एकटी जाणार नाही. पावित्र्याच्या नियमानं बघितलं तर हे भयानक आहे; तो तिच्यासाठी आपला आत्मा गमवायला तयार झालाय. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, नवव्या अध्यायात पौल काय म्हणतो? माझ्या बांधवांसाठी मी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तोडला जावं, अशी इच्छा मी केली असती. चर्चनं हे वाक्य कधी पुसलं नाही. त्याच मोहिमेत, ११ ऑक्टोबरला, जोनाथन मीनाच्या आग्रहावरून ती जिवंत असतानाच तिच्यासाठी अंत्यविधीच्या प्रार्थना वाचतो. सगळे तिच्याभोवती गुडघे टेकून बसलेले असतात, आणि वाचताना त्याचा आवाज पुन्हापुन्हा अडखळतो.

६ नोव्हेंबरला, बर्फात, सूर्य मावळता मावळता जोनाथनची कुकरी काउंटच्या गळ्यातून जाते आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत शिरतो. क्विन्सी तिथंच मरतो. मरता मरता मीनाच्या कपाळाकडे बोट दाखवतो, डाग गेलेला असतो. चौघं उरलेले पुरुष गुडघे टेकून ‘आमेन’ म्हणतात. लूसीसाठी प्रार्थना वाचली गेली होती, मीनासाठी ती जिवंतपणीच वाचली गेली, क्विन्सीच्या शेवटच्या शब्दांवर आमेन झालं. ज्याच्या धुळीवर ते सगळे उभे होते त्याच्यासाठी कुणीही काही वाचलं नाही. कॅथलिकांसाठी नोव्हेंबर हा मृतांचा महिना, विसरल्या गेलेल्या आत्म्यांसाठीसुद्धा मिस्सा देण्याचा. पण त्या टोळीत तेवढ्या मोठ्या मनाचा कॅथलिक नव्हता, व्हॅन हेलसिंगसुद्धा नाही.

ते शेवटचं टिपण मात्र मीनाचं आहे. ती लिहिते, की देह विरून जाण्याच्या त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर एक शांती उतरली, तिथं ती कधी दिसेल अशी कल्पनाही मी केली नव्हती, आणि ती दिसली याचा मला जन्मभर आनंद वाटेल. सात वर्षांनी जोनाथन एक लहानशी पुरवणी जोडतो. त्यांना मुलगा झालाय, मित्रांची लग्नं झालीत, ते सगळे ट्रान्सिल्व्हेनियाला जाऊन ती जागा पाहून आलेत. काउंटच्या चेहऱ्यावरच्या शांतीचा त्यात उल्लेख नाही. ती फक्त त्याच्या बायकोच्या वहीत आहे.